पाहुण्याचा कप

“‘मी चहा घेत नाही,’ पाहुणा म्हणाला,” असं सदाशिवरावांनी वाचलं. कागदावरची नजर न हलवता त्यांनी डावा हात शेजारच्या तिवईकडे नेला, कप उचलला आणि चहाचा चांगला लांब घोट घेतला. मिशी पुसली. मग पुढचं वाक्य वाचायला लागले. खोलीत कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. पंखा घरघरत होता, खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर नुकतंच पाणी मारलं होतं, आणि मंडळाची दहाबारा माणसं डोळे अर्धवट मिटून, काहीतरी उच्च ऐकताना करायचा असतो तसा चेहरा करून बसली होती. दाराजवळच्या खुर्चीतल्या सुलोचनेला मात्र वाटलं, आता आपण मोठ्यानं हसणार. हसू आलं नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ती त्या मिशीकडे बघत राहिली. बारा वर्षांपूर्वी ती काळी होती, आता पांढरी होती, एवढाच फरक. कथा सुलोचनेची होती. कथेतला पाहुणाच ती वाचत होता, चहा पीत पीत, आणि त्या भल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

वर्ध्याच्या रामनगरात, कमलाबाई वकिलीणबाईंच्या दिवाणखान्यात, महिन्यातून एका रविवारी दुपारी हे वाचन चालायचं. रीत अशी होती, की कथा वाचनालयातल्या पेटीत बिननावाची टाकायची. सदाशिवराव ती वाचून दाखवणार. ते निवृत्त हेडमास्तर, अंगावर खादी, आवाज असा की किराण्याची यादी वाचली तरी ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा. मग सगळ्यांनी हवं तसं बोलायचं, हवी तेवढी चिरफाड करायची, आणि सगळं बोलून झालं की लेखकानं उभं राहून “ही माझी” म्हणायचं. लेखकाचं तोंड बघून कुणी गुळमुळीत बोलू नये म्हणून ही युक्ती. सुलोचना या मंडळात आली ती या युक्तीच्याच मोहानं. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत ती मास्तरीण होती. ती कोण, कुठली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी नागपूरला जाऊन ती आणि तिची माय बौद्ध झाल्या, हेही ठाऊक होतं. इथं चहा आला की कमलाबाई पहिला कप न चुकता तिच्याच हातात द्यायच्या, आणि तो देताना खोलीतलं बोलणं जरा थांबायचं. सगळे बघायचे. कप एकाच संचातला असायचा, बशी तीच, चहा तोच, आणि तरी सुलोचनेला तो चारचौघांत औषध घेतल्यासारखा भराभरा संपवावा लागे. कुणी वाईट नव्हतं हो. म्हणून तर चीड यायची आणि ती ओकायला जागा सापडायची नाही.

कथा लिहिताना तिनं एकच ठरवलं होतं. जातीचा शब्द घालायचा नाही. बाईला नाव नाही, गावाला नाव नाही. फक्त ती, तिची मुलगी, एक कप आणि पाहुणा. आयुष्यात कुठंही गेलं तरी आधी नाव, मग गाव, मग “आडनाव काय म्हणालात?” आणि त्यानंतर समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी बंद होतं किंवा उलट नको इतकं उघडतं, हे तिनं पुष्कळ सोसलं होतं. म्हणून तिला हवं होतं, की या लोकांनी एकदा, एकदाच, तिच्या मायला आधी बघावं. बाई म्हणून बघावं. कुणाच्याही घरात बसतो तसं दहा मिनिटं तिच्या घरात बसावं. मग आपण उठून सांगू, की ही अमुक, आणि तेव्हा त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. एवढ्यासाठी सगळा खटाटोप. आणि आता सदाशिवरावांच्या आवाजात ती बाई कोनाड्याशी उभी होती, हातात भरलेला कप, आणि तो परत न्यायचा की तिथंच ठेवायचा हे तिला कळत नव्हतं.

सिंदी रेल्वेला त्यांचं घर होतं, वस्तीच्या टोकाला, कडुनिंबाखाली. माय, म्हणजे सीताबाई, कापसाच्या जिनात कामाला जायची. कपाशीतला कचरा वेचून वेचून तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली, केसांत कापसाचे तंतू, खोकला कायमचा. बाप आधीच गेला होता. घरात ॲल्युमिनियमची दोन भांडी, एक पितळी गडवा, आणि कोनाड्यात घासलेटच्या चिमणीशेजारी तो कप. पांढरा, काठाला निळी नक्षी, सोबत बशी. मायनं तो सिंदीच्या बाजारातून आणला तेव्हा सुलोचनेला वाटलं, आता यातून चहा प्यायला मिळणार. तिनं हात लावला तर मायनं सटकन हातावर मारलं. “हात नको लावू वो! पाहुन्याचा हाय थो.” कोणता पाहुणा, तर कुणी मोठं माणूस आलं तर. सोवळ्याओवळ्याचं, शिकलेलं. आपल्या तोंडाचा कप त्याला कसा द्यायचा? म्हणून त्याला घरातल्या कुणाचं तोंड लागू द्यायचं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी माय तो राखेनं घासायची, उन्हात पालथा घालायची, परत ठेवायची. पोरीला ताप आला, डॉक्टरानं औषधाचं पाणी कपातून पाज म्हटलं, तरी मायनं ते गडव्यातूनच पाजलं.

आणि पाहुणा आला की! शेहेचाळीस साल असावं. वर्ध्याहून खादीवाल्यांची टोळी आली, हातात खराटे, डोक्यावर टोप्या. सगळी वस्ती झाडली, नाली उपसली, गाणी म्हटली. माय आधी दारात नुसती उभी होती. घरापुढचा कचरा दुसरा कुणी उचलतोय, आणि तो असा गोरागोमटा, घारा माणूस, हे बघून तिला काय करावं सुचेना. मग ती आत पळाली, शेजारणीकडून साखर आणली, दूध आणलं, चहा केला, तो कप तीनदा धुतला आणि भरून बाहेर आणला. बशीत चहा सांडला म्हणून परत आत गेली, बशी पुसली, पुन्हा आली. घाऱ्या माणसानं हात जोडले. गोड हसला. “मी चहा घेत नाही, माय,” म्हणाला. त्या काळात वर्ध्याकडचे कितीतरी खादीवाले चहा सोडत. त्यात नवल काही नव्हतं. मायनं मान डोलावली. उलट तिला भारीच वाटलं. टोळी गेल्यावर शेजारणीला सांगत होती, “मोठा मानूस हाय व बाई. चहा सोडला म्हने त्यानं.”

दुसऱ्या दिवशी सुलोचना मायची भाकर घेऊन जिनात गेली. कापसाच्या गंजीशी माय बसली होती आणि समोर कचेरीच्या ओसरीत खुर्च्या मांडून मॅनेजर आणि तो घारा माणूस गप्पा मारत होते. त्याच्या हातात बशी होती. बशीत चहा होता. तो बशीवर फुंकर मारायचा आणि फुर्रकन ओढायचा, मजेत, डोळे मिटून. मायनं बघितलं. सुलोचनेनं मायला बघताना बघितलं. माय काही बोलली नाही, पदर पुढं ओढला आणि “आन भाकर” म्हणाली. संध्याकाळी घरी आली ती हातपायही न धुता कोनाड्याकडे गेली. चिमणी उचलून दाराच्या चौकटीवर नेऊन ठेवली, कप घेतला आणि मोरीवर बसून राखेनं घासायला लागली. कुणाचं तोंड न लागलेला कप! खसाखसा, खसाखसा, नक्षी निघून जाईल की काय असा. सुलोचना बारा वर्षांची होती. ती दारात बसून तो आवाज ऐकत राहिली, आणि तिला वाटलं, आपल्याला आज काहीतरी कळलं. मायच्या मनगटातला राग कळला. पुढं मॅट्रिक होताना, ट्रेनिंगला गावकुसाबाहेरची म्हणून जेवायला वेगळं बसवलं तेव्हा, वर्ध्यात खोली मिळेना म्हणून दारोदार फिरताना, ती त्या आवाजावर जगली. मायनं तिला दुसरं काय दिलं होतं? तो राग दिला होता. तोच तिनं कथेत उतरवला होता. जिनाची ओसरी मात्र वगळली होती. पाहुणा नाही म्हणतो, बाई कडुनिंबाच्या मुळाशी चहा ओतते, चिमणी चौकटीवर नेते, आणि न उष्टावलेला कप घासत बसते. बस्स. एवढ्यात सगळं येतं, असं तिला वाटलं होतं.

“...घासत राहिली,” सदाशिवरावांनी शेवटचे शब्द हळू, लांबवत वाचले आणि कागद मांडीवर ठेवले. सुलोचना खुर्चीच्या कडेला सरकून बसली. मग चंद्रभान बोलला. हा आष्टीकडचा, खात्यापित्या शेतकरी घरातला, कॉलेजात शिकवायचा. एरवी फार बोलका, पण आता जमिनीकडे बघत बोलत होता. “हा कप मी पाहिला आहे,” तो म्हणाला. “आमच्या गोठ्यात खुंटीले टांगला राहे. कान तुटलेला. आमचा नत्थूजी महार कामावर आला की स्वतःच काढे, स्वतःच धुवे, वरून आई चहा ओते. मी कितीदा पाहिलं, आणि मले कधी काही वाटलं नाही. आज वाटलं.” त्याचा आवाज खरंच ओला झाला होता. सुलोचनेच्या आधी ध्यानातच आलं नाही. मग आलं. अरे देवा. हे लोक कप उलटा धरून बसले होते.

मग काय, एकदा बांध फुटल्यावर जो तो बोलायला लागला. कमलाबाई म्हणाल्या, “माझ्या सासूबाई हुबेहूब अशाच हो. कुणी शिवलेलं नसलं तरी घासायच्या. नुसती सावली पडली तरी पुरे. किती निर्दय वाटतं ना आता?” कोपऱ्यातून कुणी म्हणालं, की भरलेला चहा झाडाखाली ओतून देणं, पण माणसाला नीट न देणं, यात आपला सगळा समाज आला. आणखी कुणी चिमणीवर घसरलं: “कोनाड्यातला दिवा ती उचलून बाहेर नेते! घरातला उजेडच घराबाहेर काढते! केवढं प्रतीक!” सगळ्यांनी माना डोलावल्या. सुलोचनेनं चिमणी घातली होती ती मायनं त्या संध्याकाळी खरंच हलवली होती म्हणून. का हलवली हे तिनं मायला कधी विचारलं नव्हतं. सदाशिवराव सगळ्यांचं होईपर्यंत थांबले, मग खाकरून म्हणाले, “मला विचाराल तर या कथेचा नायक आहे तो पाहुणा. त्याच्या तोंडी एकच वाक्य. वेगळा ठेवलेला कप बघतो, भांडत नाही, शिवी देत नाही. हात जोडतो आणि नाही म्हणतो. काय तो स्वाभिमान! असा हरिजन तरुण निर्माण व्हावा म्हणून तर आम्ही आयुष्यं घातली.” बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कपातला उरलेला चहा संपवला.

सुलोचनेला ओरडावंसं वाटत होतं. आपण जात पुसली होती. पुसलेल्या जागी यांनी आपली बसवली, इतक्या सहज, की कुणाला ती बसवावी लागली असंही वाटलं नाही. वेगळा कप दिसला की तो कुणासाठी हे यांना लगेच कळतं. घर म्हटलं की ते यांचंच. बाहेरून येणारा आणि नाकारला जाणारा, तोच काय तो आमचा. आमच्याही घरात कोनाडा असतो, आणि त्यात कुणाची तरी वाट बघत काही ठेवलेलं असतं, हे यांच्या स्वप्नातही येत नाही. तेवढ्यात कमलाबाई तिच्याकडे वळल्या, डोळ्यांत अगदी खरा कळवळा. “सुलोचनाबाई, तुम्हाला हे ऐकताना त्रास झाला असेल. क्षमा करा हो आम्हाला.” आणि सदाशिवराव म्हणाले, “तुम्हीसुद्धा लिहा बाई कधी. तुमच्या लोकांचं जीवन. ही सफाई नाही यायची लगेच, पण कच्चं असलं तरी खरं असेल.” मग ठरलं, की ही कथा नागपूरला दिवाळी अंकासाठी पाठवायची. फक्त कडुनिंबाच्या जागी तुळस करावी, असं सदाशिवरावांनी सुचवलं. तुळशीत ओतते म्हटलं की घर कुठलं ते चटकन कळतं. कडुनिंब कुठंही असतो. सगळ्यांना पटलं. “बरं, आता लेखक कोण?” आणि सगळ्यांच्या नजरा कमलाबाईंकडे. “इश्श, काहीतरीच!” त्या म्हणाल्या आणि लाजून पदर सारखा केला. नाही असं काही म्हणाल्या नाहीत.

गप्प बसलं तर कथा छापून येणार होती. दिवाळीच्या अंकात, चांगल्या कागदावर, शंभर गावच्या लोकांनी वाचली असती, आणि जिनातल्या कचऱ्यानं पेरं पांढरी पडलेला मायचा हात कुण्या वकिलाच्या सोवळ्या आईचा हात होऊन बसला असता. कायमचा. सुलोचना उभी राहिली. खुर्ची मागं सरकली तिचा केवढा तरी आवाज झाला. “ही माझी,” ती म्हणाली. क्षणभर कुणाला कळेना. मग टाळ्या पडल्या, खरोखर मनापासून पडल्या. चंद्रभान उठून उभाच राहिला. कमलाबाईंचा चेहरा जरा उतरला, पण त्यांनी सावरलं. “अगबाई, पण तुम्ही आमच्या घरातलं इतकं बारीक कुठं पाहिलंत? कुणाकडे?”

“घरीच पाहिलं,” सुलोचना म्हणाली. “ही बाई माझी माय आहे. तो कप तुमच्यापैकी कुणी आलं तर, म्हणून वेगळा ठेवला होता. आम्ही त्याला तोंड लावत नव्हतो.”

पंखा घरघरत राहिला. मग सदाशिवरावांनी मांडीवरचे कागद उचलले आणि परत चाळले, जणू मघाशी काहीतरी वाचायचं राहून गेलं होतं. “पण मग ती कप घासते का?” ते म्हणाले.

“रागानं.”

“राग दिसत नाही बाई यात.”

“मघाशी काय दिसत होतं?”

“मघाशी सोवळं दिसत होतं. ते पटत होतं.”

“शब्द तेच आहेत,” सुलोचना म्हणाली. “एक काना-मात्रा बदललेली नाही.”

“हो, पण अर्थ ढासळतो ना,” कोपऱ्यातून आवाज आला. “मग दिव्याचं प्रतीकही लागत नाही.” दुसरं कुणी म्हणालं, लेखकानं वाचकाला असं फसवू नये. कमलाबाई म्हणाल्या, तुमच्यात इतकी स्वच्छता असते हे ठाऊक नव्हतं बाई. आणि म्हणून झाल्यावर स्वतःच गोऱ्यामोऱ्या झाल्या. दहा मिनिटांपूर्वी जी कथा सबंध समाजाला आरसा होती ती आता घसरत घसरत होतकरू झाली होती, प्रयत्न चांगला झाली होती, तुम्ही पुन्हा लिहून बघा झाली होती. आणि मग सदाशिवराव, अगदी समजुतीच्या सुरात, म्हणाले, “शिवाय पाहुण्याचा यात काय दोष? चहा घेत नसेल बिचारा.”

“पाहुणा तुम्ही होता,” सुलोचना म्हणाली.

आता याचा चेहरा पडेल, असं तिला वाटलं. बारा वर्षं ती या एका क्षणाची वाट बघत होती म्हणा ना. “सिंदी. शेहेचाळीस साल. खराटे घेऊन आला होता तुम्ही.” सदाशिवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, आठवलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. “सिंदी! हो हो! नाली उपसली होती आम्ही. काय दिवस होते ते! म्हणजे मी कथेत आहे की!” त्यांनी हसून सगळ्यांकडे बघितलं. “मी तेव्हा चहा सोडला होता. मधूनमधून सोडायचो.”

“दुसऱ्या दिवशी जिनाच्या ओसरीत घेत होता तुम्ही. बशीतून.”

“असेल, असेल,” ते म्हणाले, कसलाही कपटभाव नसलेल्या आवाजात. “काय करणार? इतक्या आग्रहानं दिल्यावर यजमानाचं मन मोडवत नाही ना.”

खोलीतला एकही माणूस चमकला नाही. हे वाक्य सगळ्यांच्या कानावरून गेलं, आणि कमलाबाई कप गोळा करायला उठल्या. सुलोचनेला वाटलं होतं, आपल्याजवळ अजून पुष्कळ बोलायचं आहे. पण या माणसाच्या मिशीखालचं ते निर्मळ हसू बघून तिच्याजवळ काही उरलं नाही. शिवी तरी कुणाला द्यायची? त्याला खरंच कळलं नव्हतं. तिनं कागद मागून घेतले, घडी केली, पिशवीत कोंबले. फाटकापाशी चंद्रभान मागून आला. त्याचा चेहरा मघापेक्षा वेगळा, जरा गोंधळलेला होता. “बाई,” तो म्हणाला, “आमच्या नत्थूजीच्या घरीबी असा एखादा कप असन काय हो? माझ्यासाठी?” सुलोचनेनं फाटकाची कडी काढली. “मी कधी गेलोच नाही त्याच्याकडं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तुमच्या आईचा तो कप अजून आहे काय? मी येईन एखाद्या दिवशी. चहाले.” ‘येतो’, ‘भेटू’ हे सगळं तिनं आजवर पुष्कळ ऐकलं होतं. “या,” म्हणाली आणि चालायला लागली.

पुलफैलात तिची आणि मायची खोली होती. रामनगर ते पुलफैल सगळा रस्ता ती मनातल्या मनात भांडत आली, त्या दिवाणखान्यात जे सुचलं नाही ते सगळं आता सुचत होतं. राग दिसत नाही म्हणे. तुम्हाला दिसेल कसा? बाईचं सोवळं दिसलं, निर्दयपणा दिसला, प्रतीक दिसलं. राग तेवढा दिसला नाही, कारण तो तुमच्यावर होता. एकदाचं हे वाक्य जमलं तसं तिला जरा बरं वाटलं. काही झालं तरी तो आवाज आपल्याजवळ आहे, तो कुणी तुळशीत ओतू शकत नाही, असं म्हणत ती घरात शिरली.

माय दाराशी सुपात डाळ निवडत बसली होती. जिनातलं काम सुटून तीन वर्षं झाली तरी बोटं तशीच चालायची, काहीतरी वेचल्याशिवाय राहायची नाहीत. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, देव सगळे दीक्षेच्या वेळीच विहिरीत गेले होते. कोनाड्यात सिंदीहून आणलेला तो कप, एकटाच. “वाचली काय वो तुही गोष्ट?” मायनं विचारलं.

“वाचली.”

“मंग? काय म्हने लोक?”

“काही नाई म्हने. त्याईले नाई समजली.” सुलोचनेनं पिशवी खुंटीला अडकवली. मग कडवटपणे, निव्वळ टवाळी म्हणून ती बोलून गेली, “येक जन येतो म्हने आपल्या घरी. आष्टीचा हाय, कुनब्याचा. त्या कपात चहा प्याले येतो म्हने.”

मायनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत उठली, कोनाड्यातून कप काढला, बशी काढली, आणि चुलीतली चिमूटभर राख घेऊन मोरीवर जाऊन बसली. खसाखसा आवाज सुरू झाला. तोच.

“माय, काऊन घासून राह्यली? कोनी येत नाई. तोंडदेखलं बोलतेत ते लोक.”

“येईन बी एखादा,” माय म्हणाली. “घासून ठेवतो. मांगच्या खेपेस वास आला असन त्याले.”

सुलोचना थांबली. “कशाचा वास?”

“घासलेटचा वो. चिमनी तिथंच राहे ना कोनाड्यात, कपापाशी. मले काय मालूम, कपाले वास धरते म्हनून? थो बिचारा कसा म्हनन तोंडावर, का तुह्या कपाले वास येते? म्हनून चहा घेत नाई म्हने. दुसऱ्या दिवशी जिनात पेला का नाई? आपन आपल्या डोयानं पायलं. मंग आपल्याच कपात खोट असन ना? थ्याच दिवशी मी चिमनी काढली तिथून.” तिनं कपावर पाणी ओतलं. “खराटा घेऊन आलता वो आपल्या दारी. असा मानूस इटाय, शिवाशिव पायते काय?”

बारा वर्षं. सुलोचनेनं भिंतीला हात टेकला. मायच्या मनगटात राग नव्हता. कधीच नव्हता. तो तिनं दारात बसून स्वतःच घातला होता, त्या दिवाणखान्यातल्या लोकांनी तुळस घातली तसाच. आणि त्यावर मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली, कथा लिहिली. आणि इकडं माय, कुणाला न सांगता, आपल्या एका कपाची लाज बाळगत म्हातारी झाली. तिला वाटलं, आता सांगावं, की माय, कप चांगला होता. त्याला वास नव्हता. पण मग दुसरं सांगावं लागलं असतं, आणि खराटा घेऊन दारी आलेला तो एक माणूसही मायच्या हातून काढून घ्यावा लागला असता.

माय उठली. पदरानं कप आतून पुसला, बाहेरून पुसला, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

“पाह्य बरं हुंगून. तुहं नाक चांगलं हाय. येते काय वास?”

सुलोचनेनं कप घेतला. नाकाशी धरला. राखेचा, ओल्या मातीचा, मायच्या पदराचा वास आला.

“नाई येत, माय,” ती म्हणाली.

“नाई?” मायनं कप परत घेतला, उजेडाकडं धरून बघितला. “राहू दे, आनखीन एक हात मारतो,” म्हणाली आणि राख घ्यायला चुलीकडं वळली.